जुन्या मोटारीतील ठिणगी : तिची घडण व तिचे दोष

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, करपद्धती, वखारीतील कीड अशा विषयांवर उपयुक्त लेख येत असतात. यंदा संपादक मंडळाने मजकडे लेखाची मागणी केली, तेव्हा धान्याविषयी न लिहिता जुन्या मोटारीच्या प्रज्वलनव्यवस्थेविषयी, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेविषयी, लिहावे असे मी योजिले. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या आवारात वडिलांच्या वेळची फियाट किंवा अँबेसेडर अद्याप कापडाखाली उभी आहे. ती चालत नाही याचे कारण बहुतेक वेळा इंजिन नसून ही ठिणगी असते, आणि तेवढ्यासाठी चांगली गाडी भंगारात जाते. मी हाथीखान्यातील दाणेवाला, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. तेव्हा जे हातांनी करून पाहिले व पुस्तकांवरून पडताळले तेवढेच येथे सांगतो. यंत्रविद्या आपल्या भाषेत सांगणे बडोद्यास नवीन नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापिले, तेव्हा प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी कारागिरांच्या मुलांस धंदेशिक्षण मातृभाषेतूनच देण्याचा आग्रह धरला होता.

आमची गाडी १९६४ सालची फियाट अकराशे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. (शेठजी १९५३ सालीच निवर्तले, मात्र सोलापूरच्या एका जैन व्यापारी कुळातील पुरुषाने मोटारीचा कारखाना काढला, याचा आमच्या वडिलांना मोठा अभिमान होता आणि गाडी घेताना त्यांनी दुसऱ्या गाडीचा विचारही केला नाही.) हीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. आमची मात्र घरात राहिली. मातोश्री आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. नव्या गाड्यांत त्यांना वाकून शिरता येत नाही. फियाटमध्ये सरळ बसता येते.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या आवारात ते चाकांच्या निम्म्यापर्यंत चढले. इंजिनात पाणी गेले नाही; परंतु चार दिवसांच्या ओलीने गाडी सुरू होईना. एका दुरुस्तीच्या कारखान्यात दिली. मिस्त्रींनी प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर व टोपी असा सगळा संच नवा बसवून दिला व गाडी सुरू झाली. परंतु वीस-पंचवीस मिनिटे चालली की ती धक्के देई आणि बंद पडे. अर्धा तास थंड होऊ दिली की पुन्हा निमूटपणे चालू लागे. मिस्त्री म्हणाले, कॉइल तापते. कॉइल बदलली. पुन्हा तेच. दुसरी कॉइल बदलली. पुन्हा तेच.

डिसेंबरात एका संध्याकाळी मातोश्रींना घेऊन मी पादऱ्याहून परत येत होतो. अटलादऱ्याच्या अलीकडे गाडी भर रस्त्यात मेली. अंधार पडला होता, आणि मागून येणाऱ्या मालट्रकने करकचून ब्रेक लावून आम्हांस हातभर अंतरावरून चुकविले. मातोश्री काही बोलल्या नाहीत. नुसता पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसल्या. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, आजीला घेऊन या गाडीत तुम्ही पुन्हा जायचे नाही. भंगारवाल्याला मी उद्या बोलावतो.’’ त्याचे म्हणणे चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. मी त्याच्याकडून एका महिन्याची मुदत मागून घेतली.

आता मूळ विषयाकडे वळू. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण इंजिनाच्या सिलिंडरात दाबले जाते आणि त्या दाबलेल्या मिश्रणात नेमक्या क्षणी ठिणगी पडली पाहिजे. दाबलेल्या हवेतून प्लगच्या दोन टोकांमधील बारीक फट ओलांडण्यास विजेला सुमारे दहा ते वीस हजार व्होल्टचा दाब लागतो. आपल्या गाडीत बॅटरी आहे अवघ्या बारा व्होल्टची. बारांचे दहा हजार कसे होतात, एवढेच या सर्व व्यवस्थेचे रहस्य आहे.

ते कॉइलमध्ये घडते. कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या तारांची दोन वेटोळी. एक जाड तारेचे, काही शे वेढ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, वीस हजारांच्या आसपास वेढ्यांचे. बॅटरीचा प्रवाह जाड वेटोळ्यातून वाहतो तेव्हा गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. पुष्कळांची समजूत अशी असते की प्रवाह वाहतो म्हणून ठिणगी पडते. वस्तुस्थिती उलट आहे. प्रवाह सुखाने वाहत असतो तेव्हा प्लगकडे काहीच जात नाही. प्रवाह एकाएकी तोडला की उभे राहिलेले चुंबकीय क्षेत्र कोसळते, आणि त्या कोसळण्याने बारीक वेटोळ्यात प्रचंड दाब उत्पन्न होतो. नळ पूर्ण सोडून एकदम बंद केला तर भिंतीतील नळी थाडकन वाजते, हे आपण घरी अनुभवतो. पाणी अडले त्या क्षणी दाब उसळला. तसेच हे आहे. फॅरेडे यांनी १८३१ साली विद्युत्प्रवर्तनाचा जो नियम दाखविला तोच येथे काम करतो. यात वीज वाढत नाही. शंभर पोती ज्वारी देऊन एक डबा केशर घ्यावे, त्यातला हा प्रकार आहे. दाब वाढला तेवढा प्रवाह कमी झाला, आणि मध्ये थोडी तूट आली ती कॉइल तापण्यात गेली.

तेव्हा ठिणगीचा जन्म तोडण्यात आहे. हे एकदा मनात पक्के बसले की बाकीचे भाग आपोआप समजतात.

तोडण्याचे काम पॉइंट करतात. डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात एक उभा दांडा फिरतो, त्याला चार कोपरे असतात. प्रत्येक कोपरा एका छोट्या बाहूच्या टाचेस ढकलतो आणि दोन धातूच्या टिकल्या एकमेकींपासून अलग होतात. कोपरा पुढे गेला की स्प्रिंगने त्या पुन्हा मिटतात. मिटल्या असताना कॉइल भरते, उघडल्या की ठिणगी पडते. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत हा दांडा एक फेरी करतो. मिनिटास तीन हजार फेऱ्यांनी इंजिन चालत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत मिनिटास सहा हजार, म्हणजे सेकंदास शंभर ठिणग्या पडतात. शंभर वेळा मिटणे आणि शंभर वेळा उघडणे, तेही वर्षानुवर्षे! आमच्या तोलाईच्या काट्यावर एवढे काम पडले असते तर तो आठवड्यात मोडला असता.

टिकल्या पूर्ण उघडल्या असता त्यांमधील फट किती असावी, यावर सर्व अवलंबून असते. अँबेसेडरच्या लुकस पद्धतीच्या डिस्ट्रिब्यूटरात ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर धरतात; फियाटमध्ये किंचित अधिक. अचूक आकडा आपापल्या गाडीच्या पुस्तकात पाहावा आणि फिलर गेजच्या पातीने मोजावा. पोस्टकार्ड किंवा ब्लेड घालून अंदाज करण्याची आपल्याकडील रीत मला पसंत नाही. फट वाजवीपेक्षा मोठी ठेवली तर टिकल्या थोडाच वेळ मिटतात, कॉइल अर्धवट भरते आणि वेगात गाडी मिस मारते. फट लहान ठेवली तर टिकल्यांवर जाळ होऊन त्या लवकर जळतात. शिवाय फट बदलली की ठिणगीची वेळही बदलते. मोठ्या फटीने ती आधी पडते, लहान फटीने उशिरा. बाहूची टाच झिजत जाते तशी फट आपोआप लहान होते. म्हणून दर काही हजार किलोमीटरला हे पाहावे लागते, आणि पाहताना टाचेस ग्रीसचा एक थेंब द्यावा. एकच थेंब. जास्त दिल्यास ते उडून टिकल्यांवर बसते.

आता कंडेन्सर. हा करंगळीएवढा पत्र्याचा डबा डिस्ट्रिब्यूटरच्या आत किंवा अंगास स्क्रूने लावलेला असतो. आत धातूच्या पातळ वर्खाच्या दोन पट्ट्या, मध्ये कागदाचा किंवा तत्सम थर, एवढेच. किंमत सर्व भागांत सर्वांत कमी, आणि समज सर्वांत कमी. टिकल्या उघडू लागतात तेव्हा जाड वेटोळ्यातील प्रवाह सहजासहजी थांबत नाही. तो अडीचशे-तीनशे व्होल्टपर्यंत उसळून नुकत्याच उघडलेल्या फटीतून उडी मारू पाहतो. उडी मारू दिली तर प्रवाह तुटला असे होत नाही, तो रेंगाळतो. चुंबकीय क्षेत्र सावकाश उतरते आणि प्लगला अशक्त, पिवळसर ठिणगी मिळते. कंडेन्सर त्या क्षणी त्या उसळीला बाजूस जागा देतो. वखारीचे दार लावताना बाहेर उभ्या हमालांना पाठीवरची पोती उतरवायला ओटा असावा, तसा तो आहे. ओटा नसेल तर पोती दारात अडकतात आणि दार लागत नाही. तेवढ्या अवधीत टिकल्या पुरत्या उघडतात, प्रवाह स्वच्छ तुटतो, आणि ठिणगी निळी, कडाडती पडते.

उरलेले भाग वाटपाचे आहेत. कॉइलच्या मधल्या तोंडातून निघालेली जाड तार डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत मधोमध येते, तेथे कार्बनचा छोटा दट्ट्या आहे, त्याखाली रोटर फिरतो, आणि तो चार बाजूंच्या चार तारांना पाळीपाळीने वाटा देतो. फियाट व अँबेसेडर या दोहोंतही पाळी १-३-४-२ अशी आहे; तारा उपटण्यापूर्वी त्यांवर आकडे लिहावेत. टोपीत ओल शिरली, अथवा आतून केसासारखी काळी रेघ उमटली, तर वीज त्या रेघेने चोरवाटेने निसटते. पावसाळ्यात सकाळी सुरू न होणाऱ्या गाड्यांपैकी पुष्कळांचा रोग हाच. कोरड्या फडक्याने टोपी आतून पुसणे हा पहिला उपाय. ठिणगीची वेळ वेगाप्रमाणे मागेपुढे करण्यासाठी डिस्ट्रिब्यूटरच्या तळाशी दोन वजने असतात, आणि बाजूस कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या नळीवर चालणारी एक चकती असते. ही नळी फुटली तर गाडी पेट्रोल जास्त खाते, आणि मालक पेट्रोलपंपावर संशय घेतो.

प्लगविषयी फार लिहीत नाही. टोक तांबूस तपकिरी असेल तर सर्व ठीक. काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढरेफटक असेल तर इंजिन तापते आहे. तेलकट असेल तर खर्च मोठा आहे.

ही सर्व रचना एका दिवसात सुचलेली नाही. लेन्वार यांनी १८६० साली गॅसच्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या मोटारीतही बॅटरी व कॉइलच होती. १८८८ साली त्यांच्या पत्नी बर्था दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडीतून गेल्या, तेव्हा वाटेत ठिणगीची तार उघडी पडून चिकटू लागली. बाईंनी आपल्या मोज्याचा बंद तिच्यावर गुंडाळून काम भागविले असे सांगतात. पुढे बॅटरीचा भरवसा नसल्याने बॉश कंपनीने १९०२ साली उच्चदाबाचा मॅग्नेटो आणला, जो स्वतःच वीज उत्पन्न करतो. १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅक मोटारीसाठी एक पॉइंट, एक कॉइल व एक वितरक अशी सुटसुटीत रचना तयार केली. आमच्या १९६४ च्या फियाटमध्ये जे आहे ते तत्त्वतः तेच. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या हिरवळीवर जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. लोक रंग व पितळी दिवे पाहत होते, मी मात्र जेथे बॉनेट उघडे दिसेल तेथे थांबत होतो. राजेरजवाड्यांच्या गाडीतही तोच करंगळीएवढा डबा पाहून मला समाधान वाटले.

दोष शोधताना भाग बदलत सुटू नये. विजेच्या वाटेने क्रमाने चालावे. आपण पोत्यांची थप्पी खराब निघाली तर सगळी थप्पी फेकत नाही, सळई घालून कोणत्या पोत्यापासून ओल लागली ते पाहतो. यासाठी एक बारा व्होल्टचा छोटा दिवा, त्याला दोन तारा, इतकेच साधन पुरे. गाडी न्यूट्रलमध्ये असावी, जवळ सांडलेले पेट्रोल नसावे, आणि जाड तार हातात नुसती धरू नये. रबरी मुठीच्या पकडीने धरावी. तिचा धक्का सहसा जिवावर बेतत नाही, पण हात झटकन मागे येतो तो पंख्यात जातो. हृदयविकाराच्या माणसाने तर या वाटेस जाऊच नये.

किल्ली चालू करून दिव्याची एक तार इंजिनाच्या धातूला व दुसरी कॉइलच्या किल्लीकडील टोकास लावावी. दिवा लागला पाहिजे. न लागल्यास दोष किल्ली, फ्यूज किंवा तारेत आहे. कॉइलला हात लावू नये. नंतर दुसरी तार कॉइलच्या पॉइंटकडील टोकास लावून कोणास तरी स्टार्टर मारावयास सांगावे. दिवा उघडझाप करू लागला तर पॉइंट काम करीत आहेत. सतत जळत राहिला तर टिकल्या मिटत नाहीत, किंवा त्यांवर मळ आहे. मुळीच लागला नाही तर टिकल्या उघडत नाहीत, किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या आतली बारीक तार अंगास टेकली आहे, किंवा जाड वेटोळे तुटले आहे. येथवर ठीक असेल तर टोपीतील मधली तार काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून पाव इंचावर धरावे व स्टार्टर मारावा. निळी, आवाज करणारी ठिणगी पडली तर कॉइल निर्दोष. पुढे टोपी, रोटर, तारा, प्लग पाहावेत. पिवळी, सुतासारखी पडली तर मागे यावे.

मी हे सर्व थंड गाडीवर केले तेव्हा प्रत्येक ठिकाणी उत्तर उत्तम आले. तीन दिवस मी गोंधळलो. मग लक्षात आले की रोगी ताप नसताना तपासून उपयोग नाही. आवारातच गाडी पंचवीस मिनिटे चालू ठेवली. ती मेली तशी लगेच दिवा घेऊन बसलो. किल्लीकडे दिवा, ठीक. पॉइंटकडे उघडझाप, मात्र मंद. मधल्या तारेची ठिणगी पिवळी. टोपी बाजूस करून अंधारात मुलास स्टार्टर मारावयास सांगितले, आणि टिकल्यांमध्ये प्रत्येक उघडण्यास निळा-पांढरा जाळ फुलत असलेला दोघांनी पाहिला. चांगल्या गाडीत तेथे बारीक चमक दिसते, जाळ दिसत नाही. टिकल्या बसवून तीन महिने झाले होते, आणि त्या काळ्या-निळ्या होऊन एकीवर टेकाड व दुसरीवर खड्डा पडला होता.

कंडेन्सर तापल्यावर आतून गळत होता. तापून बंद पडणे हे कॉइलचेही लक्षण आहे, म्हणून मिस्त्रींना चकवा झाला. आणि कंडेन्सर नवाच बसविलेला असल्यामुळे त्याच्यावर कोणाचा, माझाही, संशय गेला नाही. नव्या पोत्यात किडका माल असू शकतो हे मला चाळीस वर्षांच्या धंद्यात ठाऊक होते, पण गाडीपाशी ते आठवले नाही. जुन्या गाड्यांसाठी आज मिळणाऱ्या कंडेन्सरांत बनावट व निकृष्ट माल पुष्कळ येतो, हे नंतर चौकशीत कळले.

वडिलांच्या लोखंडी पेटीत मेणकागदात गुंडाळलेला एक जुना कंडेन्सर होता. कागदावर त्यांच्या अक्षरात ‘चालू स्थितीत काढला’ असे लिहिलेले. तो बसविला, नव्या टिकल्या घातल्या, पातीने फट मोजली, वेळ जुळविली. आवारात गाडी दीड तास चालली. कागदात ठेवलेल्या जुन्या वस्तूवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, म्हणून दुसऱ्या दिवशी मुलास घेऊन डभोईपर्यंत जाऊन आलो. परतल्यावर टोपी काढून टिकल्या पाहिल्या, त्या राखाडी व स्वच्छ होत्या.

काही स्नेही विचारतात की पॉइंट काढून त्याजागी इलेक्ट्रॉनिक संच का बसवीत नाही. तो चांगला असतो, त्यात झिजण्यास काही नाही, आणि रोज गाडी वापरणाऱ्याने अवश्य बसवावा. फक्त काढलेले पॉइंट व कंडेन्सर पेटीत जपून ठेवावे. इलेक्ट्रॉनिक संच रस्त्यात गेला तर दिवा लावून तो दुरुस्त होत नाही. ज्यांची गाडी पन्नास वर्षांवरील आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे की केंद्र सरकारने २०२१ साली अशा गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची निराळी नोंदणी सुरू केली. तिच्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि ती नित्य वापरता येत नाही. मला मातोश्रींना न्यायचे-आणायचे असते, म्हणून मी ती घेतली नाही.

महिन्याची मुदत संपण्यास चार दिवस होते. मुलाने भंगारवाल्याविषयी पुन्हा काढले नाही. मात्र आजीला घेऊन जायचे असेल तेव्हा तो स्वतः मागून आपली गाडी आणतो, आणि मागच्या काचेवर लाल चकाकणारी पट्टी त्यानेच लावली. गाडीच्या कप्प्यात आता दिवा, पाती, एक जोडी पॉइंट आणि दोन कंडेन्सर असतात. हे दोन्ही कंडेन्सर मी आधी गाडीवर तासभर तापवून पाहिले आहेत.